मंगळवार-गुरुवारची शाळा

दह्याच्या डब्यांसमोर कँडेसनं मार्लाला मिठी मारली आणि ती मिठी लवकर सुटेचना. दोघींची ओळख म्हणजे शाळा सुटताना गाड्यांच्या रांगेत काचेतून हात हलवण्याइतकी. कँडेसची जुळी मुलं आणि मार्लाची तिर्झा पाचवीत एका वर्गात, एवढंच. एका हातात दह्याचा डबा धरून मार्ला अवघडून उभी राहिली. मग कँडेस मागे सरली. तिचे डोळे चक्क भरून आले होते. "आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करतोय," ती म्हणाली. "नाही नाही, काही बोलू नकोस. सांगायची काही गरजच नाही. देवाला सगळं ठाऊक आहे." मार्ला म्हणाली, "थँक यू." दुसरं काय म्हणणार? फोर्ट वर्थच्या उत्तरेला पसरलेल्या आमच्या या वस्तीत कुणी तुमच्यासाठी प्रार्थना करतंय म्हटल्यावर 'का बरं?' असं विचारायची रीत नाही. कँडेस आपली सामानाची गाडी ढकलत चीजकडे वळली, आणि वळता वळता छातीवर हात ठेवून पुन्हा एकदा हसली, आजाऱ्याकडे बघून हसतात तसं. मार्लाच्या अंगावर काटा आला. फ्रिजसमोर उभी होती, म्हणूनही असेल.

प्रार्थना, पण कशासाठी? हा प्रश्न पैसे द्यायच्या रांगेत तिच्या मागे उभा राहिला आणि गाडीतही येऊन बसला. लपवायचं काही नसेल तर माणूस असल्या गोष्टीवर हसून मोकळं होतं. मार्लाकडे लपवण्यासारखं होतं. फार भयंकर काही नव्हे, कुणाच्याही संसारात निघेल तेवढंच, पण होतं. एक म्हणजे तिला प्रार्थना येईनाशी झाली होती. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर ती मान खाली घाली, डोळे मिटी, आणि मिटल्या डोळ्यांआड संध्याकाळसाठी फ्रीजरमधून काय बाहेर काढून ठेवायचं याचा विचार करी. दुसरं, क्लेटन. नवरा वाईट नव्हता. दोन आठवडे मिडलंडला तेलाच्या विहिरींवर आणि एक आठवडा घरी अशी त्याची नोकरी. त्या एका आठवड्यात दोघं एकमेकांशी इतकी जपून वागायची की एखाद्याला वाटावं, पाहुणे आलेत. 'तू बस, मी आणते.' 'नको, तू दमली असशील.' भांडण असं कधी झालंच नाही, आणि मार्लाला कधी कधी वाटायचं की ते व्हायला हवं होतं. पण यातलं काही कँडेसला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. राहिली तिसरी गोष्ट, आणि तिची मार्लाला सगळ्यात जास्त लाज वाटे. ती म्हणजे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार.

तिर्झाची शाळा आठवड्यातले हे तीनच दिवस चर्चच्या मागच्या इमारतीत भरते. मंगळवारी आणि गुरुवारी मुलं घरी असतात आणि बाईंनी नेमून दिलेला अभ्यास आई घेते. कुणाकुणाकडे बाप घेतो, पण बहुतेक आईच. सकाळी तिर्झाला दारात सोडलं की इतर आया व्यायामाला जात, कॉफीला जात, अर्ध्या दिवसाची कामं करत, निदान तसं सांगत तरी. मार्ला घरी जात नसे. आधी ती लोकरीच्या दुकानात जाई आणि काहीतरी एकच वस्तू घेई. मग वाचनालयात. मग या मोठ्या दुकानात, तेही एकदम सगळं न घेता, आज दही, परवा अंडी. मधल्या वेळात गाडी एखाद्या दुकानामागच्या आवारात लावून ती अंड्याचा टाको खाई आणि रेडिओवरच्या माणसाचं हवामान ऐकत बसे. चर्चमधलं कुणी ओळखीचं जवळून जाताना दिसलं की चटकन फोन कानाला लावायचा आणि मोकळ्या हातानं 'कामात आहे' अशी खूण करायची. हे तिला इतकं सफाईनं जमू लागलं होतं की पुष्कळांना मार्ला टॅल्बट ही फार मोठ्या मित्रपरिवाराची बाई वाटत असावी.

घरी न जाण्याचं कारण घरात कुणी नाही, हेच. रिकाम्या घराचं कुलूप उघडणं तिला जमत नसे. आई दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला असताना लहानपणी ॲबिलीन गावात रोज दुपारी तिनं ते उघडलं होतं, गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या किल्लीनं, वयाच्या सातव्या वर्षापासून. आत शिरायचं, सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचे, टीव्ही लावायचा, आणि बातम्यांतल्या बाईला शाळेतली हकिकत सांगायची. त्या बाईचं वागणं चांगलं होतं. ती समोर बघून बोले. आई संध्याकाळी येई तेव्हा तिच्या अंगाला उकडलेल्या भाज्यांचा वास येई आणि ती इतकी थकलेली असे की मार्ला पाय न वाजवता चाले. आईचा राग तिला तेव्हाही आला नाही आणि आताही येत नाही. फक्त एक गोष्ट तिनं त्या वयातच ठरवून टाकली होती, की आपल्याला मूल झालं तर ते कधी किल्ली गळ्यात घालणार नाही. तिर्झा झाल्यावर चष्म्याच्या दुकानातली नोकरी तिनं त्याच आठवड्यात सोडली. पुढे शाळेचं वय झालं तेव्हा घरीच शिकवायला घेतलं. दोन वर्षं त्या दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी अक्षरं, बेरजा, बायबलातल्या गोष्टी, ढगांची नावं असं सगळं केलं, आणि ती दोन वर्षं मार्लाला आजही जशीच्या तशी आठवतात. मग एकदा क्लेटन म्हणाला, "मार्ला, पोरीला पोरं हवीत गं खेळायला." ते खरंच होतं. तेव्हा ही अर्धी शाळा, अर्धं घर अशी सोय सापडली. पहिल्या सभेत मुख्याध्यापक उभे राहून म्हणाले, "आमच्या प्रत्येक मुलाला दोन शिक्षक आहेत, एक इथे, एक घरी," आणि मागच्या रांगेत बसलेल्या मार्लाला रडू आलं. आपण कुणी तरी आहोत, असं कितीतरी दिवसांनी कुणी तरी म्हटलं होतं.

मंगळवार आणि गुरुवार म्हणजे तिचं आयुष्य होतं म्हटलं तरी चालेल. त्या दोन सकाळी ती अंगातल्या जुन्या शर्टाऐवजी चांगला ब्लाऊज घाले. बाकीच्या आया घरच्या दिवसांच्या नावानं बोटं मोडत. मुलगा ऐकत नाही, लॅटिनचे शब्द मलाच येत नाहीत, दुपारपर्यंत डोकं उठतं. मार्लाही त्यांच्या होत हो मिसळे, पण मनातून तिला नवल वाटे. तिर्झा ऐकायची. मात्र अपूर्णांकात ती अडायची. वेगवेगळ्या छेदांची बेरीज आली की हमखास चुकायची, आणि मग मार्ला मक्याच्या पोळ्या काढी, सुरीनं त्यांचे तीन-तीन, चार-चार सारखे भाग करी, टेबलावर मांडून दाखवी. "आता कळलं?" "थोडं थोडं." मग पुन्हा पहिल्यापासून. जेवायची वेळ होई, पोळ्यांचे ते तुकडेच भाजून दोघी खात, आणि दुपारीही एखादं गणित शिल्लक राहिलेलं असे. या सगळ्यावर आता घाला येऊ घातला होता. फेब्रुवारीत एक दिवस तिर्झानं विचारलं होतं, "पुढच्या वर्षी सहावीला मी त्या मोठ्या शाळेत जाऊ?" मोठी शाळा म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची सरकारी शाळा, पाचही दिवसांची. तिथे बँड होता. तिर्झाला ट्रॉम्बोन, तो लांबलचक पितळी बाजा, वाजवायचा होता. कुठून हे डोक्यात आलं देव जाणे, घरात कुणी साधी शीळसुद्धा घालत नाही. मार्ला म्हणाली, "मी त्यावर प्रार्थना करतेय." आमच्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी सांगेपर्यंत पुन्हा विचारायचं नाही, असा तो अर्थ. तिर्झानं पुन्हा विचारलं नाही. एप्रिल लागला तरी मार्लानं त्यावर एकदाही प्रार्थना केली नव्हती, कारण काय उत्तर येईल ते तिला माहीत होतं.

शाळा सुटायच्या वेळी गाड्यांची रांग चर्चला वळसा घालून पुढे सरकू लागली. नारिंगी जाकीट घातलेल्या मिसेस ओडम, तिर्झाच्या वर्गशिक्षिका, मुलांना एकेका गाडीत बसवत होत्या. मार्लाची गाडी आली तशा त्या खिडकीशी वाकल्या आणि मान एका बाजूला कलती करून म्हणाल्या, "कशी आहेस गं तू? खरं सांग."

"मी छान आहे. मिसेस ओडम, मला कँडेस भेटली होती दुकानात. कसली प्रार्थना चाललीय माझ्यासाठी?"

मिसेस ओडमनी आवाज खाली आणला. "म्हणजे तुला ठाऊक नाही? शुक्रवारी सकाळी वर्गात प्रार्थनेच्या विनंत्या घेत होते, तेव्हा तिर्झानं हात वर केला. 'माझ्या मॉमसाठी' म्हणाली, 'आणि पुढचं मनातलं.' मनातलं म्हटल्यावर आम्ही काही विचारत नाही, तुला माहीतच आहे."

"आणि कँडेसला कसं कळलं?"

"अगं, आयांच्या फोनवरच्या प्रार्थनेच्या साखळीवर मी नुसतं तुझं नाव कळवलं. मलाच काही माहीत नाही, तर जास्त काय कळवणार? तू अगदी निश्चिंत राहा. कुणी चकार शब्द विचारणार नाही." मग सरळ होता होता त्या म्हणाल्या, "बाकी पोरगी सोनं आहे हो. अपूर्णांकात अडलेल्या पोरांना मी मुद्दाम तिच्या शेजारी बसवते. माझ्यापेक्षा बरं समजावते." मार्लाचा चेहरा क्षणभर खुलला. घरची मेहनत वाया गेली नव्हती तर. मागच्या गाडीनं अगदी हळूच, सभ्यपणे हॉर्न दिला.

ही 'मनातली' विनंती म्हणजे आमच्यातली एक सोय आहे. काही गोष्टी चारचौघांत बोलता येत नाहीत, पण त्यांचा भार एकट्याला उचलवत नाही. तेव्हा माणूस म्हणतो, माझी एक विनंती आहे, मनातली. मग सगळे डोळे मिटतात आणि काय ते न कळता त्यासाठी मागणं मागतात. विचारायचं कुणीच नाही, घरच्यांनीही नाही. आता, न विचारणं वेगळं आणि तर्क न करणं वेगळं. कँडेसनं काय तर्क केला असेल? गाठ? घटस्फोट? मार्लानं आरशातून मागे पाहिलं. तिर्झा खिडकीला कपाळ टेकून बसली होती आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्यात सरडा कसा निघाला ते सांगत होती. अकरा वर्षांची, लांब हातापायांची पोर. मार्ला 'अगं बाई' म्हणाली, 'मग?' म्हणाली, जिथं हसायचं तिथं हसली. आपल्याबद्दल या पोरीच्या मनात काहीतरी आहे, ते तिनं देवाला सांगितलं आणि आपल्याला सांगितलं नाही, हे मात्र तिच्या मनातून जाईना. विचारायची सोय नव्हती. ही रीत तिला मार्लानंच शिकवली होती.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. तिर्झानं दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं, नुसतं चांदीच्या कागदानं झाकलेलं काचेचं भांडं पायरीवर ठेवलेलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी आत आणलं, कागदाचा कोपरा उचलून वास घेतला आणि म्हणाली, "किंग रँच चिकन आहे. मॉम, कोण वारलं?"

"कुणी नाही वारलं."

"मग किंग रँच का आलं?"

आमच्यात कुणी गेलं किंवा आजारी पडलं की त्या घरी हमखास हेच कोंबडी-चीजचं भांडं पोचतं. त्या प्रश्नावर मार्लाला हसू फुटलं आणि तिर्झाही हसली, पण तिर्झाचं हसू मध्येच थांबलं. भांड्याच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर कँडेसचं नाव होतं. तिर्झानं ते वाचलं, मग आईकडे पाहिलं, आणि ताटल्या मांडायला लागली. थोड्या वेळानं दुसरं भांडं आलं. तेही किंग रँचच.

जेवणं होतात न होतात तोच मिडलंडहून क्लेटनचा फोन आला. एरवी तो आठवड्याच्या शेवटी फोन करी. "मार्ला, तू आजारी आहेस का?" त्यानं एकदम विचारलं. "माझ्याबरोबर कामाला आहे त्या ग्लेनला त्याची बायको म्हणाली म्हणे, की तुझ्यासाठी... म्हणजे तुझं काहीतरी आहे."

"मला काही झालेलं नाही."

"झालं असलं तर आधी मला सांगायचं, हं." मागे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. "मग आपलं काही आहे का? आपल्या दोघांचं?"

किती घाबरला होता तो. इतक्या वर्षांत तिनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. 'हो, आहे' म्हणावं असं तिला वाटलं. त्यानं गाडी काढून रात्रभर हाकत घरी यावं, दार आपटावं, ओरडावं. "नाही रे," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे. बायका उगीच काहीतरी धरून बसतात." "बरं," तो म्हणाला, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं ते तिला इथपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मार्लानं चांगला ब्लाऊज घातला, टेबल पुसलं, पेन्सिलींना टोकं काढली. लॅटिनचे शब्द झाले, पौलाच्या पत्रातली वचनं पाठ म्हणून झाली. अपूर्णांक आले आणि तिर्झा नेहमीसारखी अडली. पण आज मार्लाचं लक्ष नव्हतं. पोळीचे तुकडे करता करता तिच्या हातून तीन भागांपैकी एक लहान झाला आणि ती हातात सुरी घेऊन त्याकडे बघतच राहिली. माणसानं नियम पाळावे, पण किती? तिनं सुरी ठेवली.

"तिर्झा, शुक्रवारी माझ्यासाठी काय मागितलंस?"

तिर्झाची पेन्सिल थांबली. "ती मनातली होती, मॅम. मनातली विचारायची नसते." टेक्सासमधली मुलं अडचणीत आली की आईलासुद्धा मॅम म्हणतात.

"मला ठाऊक आहे. तरी विचारतेय."

"तू रागावशील."

"नाही रागावणार."

"रडशील?"

"ते आत्ता कसं सांगू?"

तिर्झानं पोळीचा एक तुकडा उचलला आणि त्याच्या कडा खुडायला लागली. "मी देवाला म्हटलं, मॉमला कुणीतरी दे. मैत्रीण वगैरे. मंगळवार-गुरुवारसाठी. म्हणजे मी गेले तरी... नाही, नाहीच गेले तरी दे, असंही म्हटलं मी." मग ती भराभरा बोलू लागली, एकदा सुरू झालंच आहे तर संपवून टाकावं अशी. "आम्ही वर्गातली सगळी चालत अग्निशामक केंद्र बघायला गेलो होतो ना, तेव्हा त्या लोकरीच्या दुकानामागे आपली गाडी होती. कँडेसच्या जुळ्यांतली जेस म्हणाली, 'ती बघ तुझी मॉम, फोनवर बोलतेय.' मी म्हटलं, हो. पण तू बोलत नव्हतीस. तू नुसता फोन धरला होतास. आम्ही सगळे जाईपर्यंत धरला होतास."

मार्ला रागावली नाही आणि रडलीही नाही. तिला आधी नुसतं गरम झालं, कानापासून मानेपर्यंत. त्या दिवशी वाटेनं चाललेली मुलांची रांग तिला आठवत होती. कुठल्या तरी शाळेची पोरं म्हणून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. नेहमीच्या सवयीनं हात तेवढा वर गेला होता. म्हणजे रांगेतून जाताना तिर्झा आपल्या आईकडे बघत होती आणि आई तिच्या अंगावरून पलीकडे बघत होती. पुढे ही पोर वर्गात जाऊन बसली असेल, तिनं डबा खाल्ला असेल, घरी येऊन 'आज काय केलंस, मॉम?' असं विचारलं असेल, आणि आपण काय सांगितलं असेल? कामं होती, फोन होते. आणि ते खोटं तिनं मुकाट्यानं घेतलं असेल. आपल्या मुलीच्या गळ्यात किल्ली पडू नये म्हणून आपण काय काय केलं, मार्लाच्या मनात आलं, आणि शेवटी तिच्या गळ्यात आपणच पडलो. ॲबिलीनच्या त्या घरात आई आल्यावर पाय न वाजवता चालणारी मुलगी कशी असते ते तिला चांगलं माहीत होतं. ती मुलगी आता समोर बसून पोळीच्या कडा खुडत होती.

"ट्रॉम्बोन फार जड असतो का गं?" मार्लानं विचारलं.

"नाही. म्हणजे थोडा. पेटीत घालून नेतात."

"मग पेटी न्यायची सवय करावी लागेल. दोन गल्ल्या आहेत."

हे तिर्झाच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग तिचं तोंड उघडंच राहिलं, ती खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली, आणि आईच्या मानेला तिनं असा काही विळखा घातला की मार्लाचा श्वास कोंडला. "देवानं ऐकलं!" ती ओरडली. "मी डॅडना फोन करू? आत्ता करू?" मार्ला म्हणाली, "कर." देवानं ऐकलं की आपण विचारलं म्हणून कळलं, या भानगडीत ती पडली नाही. मागणाऱ्या मुलीचं मागणं अर्धंच पुरं झालंय, शाळा मिळाली पण आईला कुणी मिळालं नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिर्झाच्या आलं नाही, आणि ते बरंच झालं.

बुधवारी ती दोन्ही भांडी घासूनपुसून शाळेत घेऊन गेली. एक ज्याचं त्याला देऊन झालं. कँडेसनं गाडीतून उतरून आपलं भांडं घेतलं आणि अगदी जपून विचारलं, "आता कसं आहे?" मार्ला म्हणाली, "बरंय. सुटला तो प्रश्न." कँडेसनं डोळे मिटून मान वर केली, "देवाची कृपा!" म्हणाली, आणि तिथल्या तिथे फोन काढून साखळीवर तसं कळवून टाकलं. तिच्या डोळ्यांतली ती ओल गेली. जुळ्यांना हाका मारत ती निघालीसुद्धा, आणि मार्ला मोकळ्या हातांनी फुटपाथवर उभी राहिली. आपण त्या मिठीची वाट बघत होतो हे तिला तेव्हा कळलं. 'नाही गं, सुटला नाहीये' असं म्हटलं असतं तर? 'मला कुणी नाहीये, कँडेस, चल, कुठेतरी बसू' असं? शब्द तर साधेच होते. पण कँडेसची गाडी तोवर वळली होती. मार्ला आपल्या गाडीत येऊन बसली. फोन तिनं पर्समध्येच राहू दिला. तीन-चार ओळखीची माणसं समोरून गेली, तिनं हात हलवला, त्यांनीही हलवला, आणि कुणी थांबलं नाही.

गुरुवारी सकाळी तिर्झाला टेबलापाशी बसवून, दिवसाचा अभ्यास समोर ठेवून, ती कपडे वाळवणीच्या यंत्रात घालायला गेली. चादरीत गुरफटलेले मोजे शोधून काढण्यात थोडा वेळ गेला असेल तेवढाच. परत आली तर तिर्झा खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"सगळं."

मार्लाला ती थट्टा वाटली. तिनं कागद पुढे ओढले. लॅटिनचे शब्द बरोबर होते. व्याकरण बरोबर होतं. अपूर्णांकांचं पान तिनं सावकाश तपासलं, एकेका ओळीवर बोट ठेवून, शाळेनं दिलेली उत्तरं शेजारी धरून. वेगवेगळ्या छेदांच्या बेरजा, वजाबाक्या, तळाची ती दोन आडवळणाची गणितं. कुठे खोडलेलं नव्हतं, कुठे अडलेलं नव्हतं. सुबक अक्षरांत सगळं बरोबर.

"इतक्या लवकर कसं झालं?"

"एवढाच वेळ लागतो मला," तिर्झा मजेत म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिचे हलणारे पाय थांबले.

घरात वाळवणीच्या यंत्राचा आवाज चालू होता. मार्ला पानाकडे बघत राहिली. मिसेस ओडम खिडकीशी वाकून काय म्हणाल्या होत्या ते आता तिला निराळं ऐकू आलं. किती मंगळवार, किती गुरुवार. 'थोडं थोडं कळलं.' 'पुन्हा सांग ना.' तिर्झा लाल झाली होती आणि टेबलाच्या कडेकडे बघत होती. मग तिनं हात लांब करून पान हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"हे चौथं," ती म्हणाली. "हे बहुतेक मला नीट कळलेलं नाहीये. सांगतेस?"

चौथं बरोबर होतं. मार्लानं तिच्या शेजारची खुर्ची मागे सरकवली आणि ती बसलीसुद्धा. पेन्सिल हाताशी होती. एवढं एक समजावून सांगायचं, मग जेवणापर्यंत वेळ जाईल, आणि जूनपर्यंत अजून पुष्कळ गुरुवार आहेत. तिला ते इतकं हवं होतं की बोटं दुखली. तिर्झा मोठे डोळे करून वाट बघत होती, वर्गात अडलेल्या मुलांपाशी बसते तशी, घाई न करता.

"नाही गं," मार्ला म्हणाली. "येतं तुला ते."

"नक्की?"

"नक्की. सगळंच येतं तुला. जा, सायकल काढ."

"आणि तू?"

"मी आहे इथे. जा."

"हो, मॅम." तिर्झा उठली. दारापाशी जाऊन ती वळली, आई खरंच सांगतेय का ते बघत जराशी उभी राहिली, आणि मग गेली. गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला, उतारावरून सायकल घरंगळल्याचा आला, आणि मग तोही येईनासा झाला. मार्लानं कागद एकावर एक नीट रचून ठेवले. टेबलावर आवरण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. अजून सकाळच होती.